पाठकोरे

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान.
निकालानंतर पंधरा दिवस
सगळ्या तालुक्याचे गुण माझ्या हाताखालून जातात,
काचेवर पालथे, गरम होऊन बाहेर.
मी वाचत नाही म्हणते. वाचते.
डॉक्टरांच्या मुलीला भौतिकशास्त्रात सत्त्याण्णव,
सावईवेऱ्याच्या त्या जुळ्यांचा
दोघांत मिळून एकच विषय राहिलेला.
कोणाला कुठे मिळालं हेही कळतं,
कारण जुलैत तीच माणसं परत येतात
फीच्या पावत्या घेऊन.

या वर्षी काचेवर उर्वेश.
एकसष्ट टक्के.
गणित चौपन्न.
मशीनला गडद-फिकटचं बटण आहे,
मी ते उगाच एक घर पुढे ढकललं.
चौपन्न काळंभोर आलं, इतकंच.

त्याचा बाप बार्जवरून फोन करतो, मागे इंजिन धडधडतं:
"बेळगावात एकाची ओळख आहे. तीन लाख वर दिले की..."
वर म्हणजे कुठे, मी विचारत नाही.
नणंद म्हणते, वर्षभर घरी बसव, परत दे म्हणावं परीक्षा.
पोर म्हणजे काय कैरी आहे,
गवतात ठेवली की पिकेल?

रात्री शटर अर्धं ओढून
गेल्या सालची एक फसलेली प्रत घेतली,
तिच्या पाठीवर यादी केली,
फडते सरांनी सांगितली होती तशी:
वर, जिथे दार बहुधा उघडणार नाही, पण वाजवायला हरकत नाही,
मध्ये, जिथे याच्यासारख्यांना घेतात कधी कधी,
खाली, जिथे घेतीलच.
फर्मागुडी वर लिहिलं.
रोज बस त्या चढावरून जाते,
म्हणून ते आमचंच वाटत आलं इतकी वर्षं.
मध्ये खांडोळे, मग जरा थांबून पॉलिटेक्निक.
खाली साखळी.
खालच्या नावाला अक्षर आपोआप बारीक आलं.
माझंच.

उर्वेश स्टेपलरमध्ये पिना भरत होता.
यादी बघून म्हणाला, "साखळी खाली का?"
खाली म्हणजे तसं नव्हे रे, खात्रीचं.
"मी जाऊन आलो."
कधी?
"त्या दिवशी. वेलिंगला जातो म्हटलं ना."

उसगावपर्यंत उभं राहावं लागतं, मग जागा होते.
कँटीनची भाजी पातळ, पाव मात्र ताजे.
एका खोलीत एक पोरगा नळाखाली दगड धरून
टूथब्रशनं घासत होता,
तास संपून सगळे गेले तरी.
"कसला दगड?"
"विचारलं नाही. लाज वाटली."
मग पिनांची डबी मिटत,
"घेतलं तर विचारीन."

बारा वर्षं मी त्याच्या वह्यांना कव्हरं घातली
आणि मुलगा दगडापाशी थांबतो हे मला ठाऊक नव्हतं.
बाणाची रेघ ओढून साखळी वर नेली.
फर्मागुडी खोडलं नाही.
अर्जाचे पैसे भरूनच टाकू,
वाजवायचं म्हटलं तर वाजवायचं.
बापाला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

कागद उलटला तर मागे
कुणा मुलीची अर्धी गुणपत्रिका,
नाव कापलं गेलेलं,
इंग्रजीत अडतीस, खाली "उत्तीर्ण".
ही कुठे गेली असेल?
जुलैत आली नाही.
किंवा आली असेल, पावती घेऊन,
आणि मी दोन रुपये सुटे मागितले असतील.